रेस कारच्या ट्रेलरसाठी छोटा कॉम्प्रेसर: आधी हवा मोजा, मग वीज, मग दुकान गाठा

पहिल्यांदा गाडी घेऊन कोइमतूर किंवा चेन्नईला निघालेल्या टीमच्या सामानाच्या यादीत ‘कॉम्प्रेसर’ एवढाच शब्द असतो, त्यापुढे काही लिहिलेलं नसतं. निघायच्या आठवड्यात कोणीतरी बाजारात जातं. दुकानदार विचारतो, “किती एचपी? किती लिटर?” आणि उत्तर खिशात किती पैसे आहेत त्यावरून ठरतं. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी टीमच्या गाड्या उभ्या राहतात तिथे, तोच कॉम्प्रेसर लावला की एमसीबी पडतो, नाहीतर जनरेटर मान टाकतो, नाहीतर चाकाचे नट खोलायची हवेची गन दुसऱ्या नटालाच ढिली पडते.

पुण्याहून कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे काय किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक काय, दोन्ही बाराशे किलोमीटरच्या आसपास. चुकीची वस्तू नेली तर बदलून आणायला परत जाता येत नाही. म्हणून खरेदीचा क्रम महत्त्वाचा. आपल्याला किती हवा लागते हे आधी, ट्रॅकवर वीज किती मिळेल हे त्यानंतर, आणि कोणता मॉडेल हे सगळ्यात शेवटी. कोणी पिकअपमागे ट्रेलर ओढतं, कोणी बंद बॉडीचा टेम्पो भाड्याने घेतं. पुढचं सगळं दोघांनाही लागू आहे.

पायरी १: हवेचा हिशोब

कागद घ्या आणि ट्रॅकवर हवेची कामं कोणती ते लिहा. टायरमध्ये हवा भरणं, हवा मारून साफसफाई करणं आणि चाकाचे नट खोलणं. छोट्या टीमची यादी इथेच संपते. या तिन्हींची भूक मात्र अगदी वेगवेगळी आहे.

टायर घ्या. १३-१४ इंची रिमवरच्या साध्या टायरच्या पोटात सुमारे २५ लिटर जागा असते. पीएसआय आणि बार ही दोन्ही दाबाची मापं, ३२ पीएसआय म्हणजे २.२ बार. पूर्ण बसलेला टायर तिथपर्यंत न्यायला २५ गुणिले २.२, म्हणजे ५५ लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा लागते. चारही टायर शून्यापासून भरायचे तर २२० लिटर. पण ट्रॅकवर शून्यापासून भरायची वेळ क्वचित येते. रोजचं काम असतं दोन-चार पीएसआय वरखाली करण्याचं. ४ पीएसआय वाढवायला एका टायरला फक्त ७ लिटर हवा पुरते.

रेसिंगमध्ये हे काम दिवसभर चालतं, कारण टायर तापला की दाब चढतो. सकाळी ३० अंशाला २८ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ८० अंशाला गेली तर दाब ३५ च्या आसपास जातो. मग गाडी आत आल्याबरोबर हवा सोडायची आणि दुसऱ्या दिवशी थंड टायरला ती परत भरायची. त्यासाठी सकाळी चारही टायरला मिळून ३५-४० लिटर हवा लागेल. मिनिटाला १०० लिटर देणाऱ्या अगदी लहान कॉम्प्रेसरलाही हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टायरसाठी मोठा कॉम्प्रेसर लागतो हा समज आधी डोक्यातून काढा.

आता टाकीकडे बघा. २४ लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली आणि ३ बारपर्यंत वापरली, तर हाती येते ५ गुणिले २४, म्हणजे १२० लिटर हवा. मोटर बंद असतानाही तेवढ्यात दोन पूर्ण बसलेले टायर भरून होतात.

हवेच्या गनपाशी मात्र सगळं गणित फिरतं. नट खोलणाऱ्या अर्धा इंची इम्पॅक्ट गनच्या खोक्यावर ‘४ ते ५ सीएफएम’ (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेलं असतं आणि नवा माणूस त्यावर विसंबतो. तो आकडा थांबत थांबत केलेल्या वापराची सरासरी असतो. ट्रिगर दाबून धरला की अशी गन १५ ते २० सीएफएम खाते. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर. ५०० लिटर प्रतिमिनिट धरले आणि एका नटाला चार सेकंद लागले, तर एका नटामागे ३३ लिटर हवा गेली. दाब साडेपाच बारच्या खाली उतरला की गनमधला जोर जातो, म्हणून २४ लिटरच्या टाकीतली कामाची हवा फक्त ६० लिटर उरते. त्यात दोन नट सुटतात. एका चाकाचे चारही नट सुटायच्या आत मोटर धडपडायला लागते.

यावर उपाय मोठा कॉम्प्रेसर हा नाही. चाकासाठी १८ किंवा २० व्होल्टची बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घ्या, दोन बॅटऱ्या ठेवा आणि शेवटी नट टॉर्क पान्ह्याने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या) गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. लहान गाड्यांचा तो आकडा साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या घरात असतो आणि त्यासाठी बॅटरीची गन पुरून उरते. हा एक निर्णय घेतला की कॉम्प्रेसर लहान होतो, जनरेटर लहान होतो, वायर हलकी होते आणि पिट लेनमध्ये पायात येणारी नळी नाहीशी होते. नव्या टीमला मी एकच गोष्ट सांगू शकत असेन तर हीच सांगेन.

साफसफाईची गरज तुम्ही काय चालवता त्यावर अवलंबून आहे. डांबरी ट्रॅकवर रेडिएटरच्या जाळीतले रबराचे तुकडे उडवायचे, बस्स. ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानावरची घड्याळाविरुद्धची शर्यत) किंवा मातीतली रॅली असेल तर एअर फिल्टर, रेडिएटर, बिजागऱ्या, सगळीकडे धूळ भरते. हवा मारायची गन मिनिटाला दीड-दोनशे लिटर सहज ओढते. तिथे टाकी मोठी असलेली बरी. ब्रेकच्या ड्रममधली आणि पॅडची भुकटी मात्र हवेने उडवू नका, ती थेट फुफ्फुसात जाते. ब्रेक क्लीनरचा फवारा मारा आणि फडक्याने पुसा.

ज्यांच्या गाडीला एअर जॅक (हवेच्या दाबाने गाडी उचलणारे) आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं की ते जॅक २०-३० बारवर चालतात. ८ बारचा घरगुती कॉम्प्रेसर तिथे काही करू शकत नाही. त्यासाठी नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटरच लागतो.

पायरी २: विजेचा हिशोब

हवेचं गणित जमलं तरी वीज नसेल तर कॉम्प्रेसर म्हणजे पंचवीस किलोचं ओझं. आयोजकांना फोन करून तीन प्रश्न विचारा. पॅडॉकमध्ये आमच्या जागेपाशी बोर्ड आहे का? तो ६ अँपिअरचा की १६ अँपिअरचा? जागेपासून किती मीटर लांब? रॅलीच्या सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्त करायच्या जागेत, तर वीज नाहीच असं धरून चला.

२ एचपीची मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते. सुरू होताना, पहिल्या क्षणी, ती त्याच्या पाच ते सात पट ओढते. जनरेटर त्या क्षणाला मरतो. १ एचपीच्या मोटरला किमान ३ केव्हीए आणि २ एचपीला किमान ५ केव्हीएचा जनरेटर धरा. सुटकेससारखे २ केव्हीएचे इन्व्हर्टर जनरेटर दिवे, लॅपटॉप आणि बॅटरी चार्जरसाठी उत्तम आहेत, पण कॉम्प्रेसरच्या मोटरला पहिला धक्का देताना ते बहुधा बंद पडतात. तुमच्याकडे आधीच जनरेटर असेल तर तो दुकानात घेऊन जा आणि तिथेच कॉम्प्रेसर सुरू करून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

वायरकडे कोणी लक्ष देत नाही आणि मोटरी जळतात त्या बहुतेक वायरमुळे. २५ मीटरची, १ चौरस मिलिमीटरची स्वस्त एक्स्टेन्शन घ्या. जायची-यायची मिळून ५० मीटर तांब्याची तार, रोध सुमारे ०.९ ओहम. मोटर सुरू होताना ५० अँपिअर ओढले तर ४५ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि मोटरपाशी २३० ऐवजी १८५ पोचतात. मोटर फिरत नाही, नुसती ‘घुंऽऽ’ करत उभी राहते आणि आतून तापत जाते. असा आवाज आला की लगेच स्विच बंद करा. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तूट १८ व्होल्टवर येते आणि मोटर उचलते. म्हणून वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, रीलवर असेल तर वापरताना पूर्ण उलगडलेली. शक्य असेल तिथे वायर आखूड ठेवा आणि हवेची नळी लांब करा. नळीत थोडा दाब पडला तर टायर भरायला दोन सेकंद जास्त लागतात, इतकंच.

पायरी ३: प्रकार ठरवा

बाजारात या कामाचे चार प्रकार दिसतात.

पहिला बारा व्होल्टचा पंप, टाकीशिवाय. मिनिटाला ३५ ते ७० लिटर हवा देतो आणि १५ ते ३० अँपिअर ओढतो. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो, म्हणून चिमटे लावून थेट बॅटरीला जोडायचा, तोही ओढणाऱ्या गाडीच्या आणि इंजिन चालू ठेवून. रेस कारची छोटी बॅटरी यासाठी वापरू नका. ज्यांचं काम फक्त टायरपुरतं आहे आणि वर्षाला दोन-तीनच स्पर्धा आहेत, त्यांनी चांगला बारा व्होल्टचा पंप घेऊन थांबायला हरकत नाही. बाकीच्यांनीही राखीव म्हणून एक ठेवावा.

दुसरा ऑइल-फ्री, ज्याला दुकानात ‘सायलेंट’ म्हणतात. ७५० वॅटच्या आसपास मोटर, २४ लिटरची टाकी. मोटर मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेते, त्यामुळे शेजारी उभं राहून बोलता येतं. तेल नसल्यामुळे प्रवासात सांडायला काही नाही. आयुष्य मोठ्या बेल्टवाल्या कॉम्प्रेसरपेक्षा कमी, आणि सलग चालवायचा नाही. दहा मिनिटं चालवला तर दहा मिनिटं विश्रांती.

तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह, तेलाचा, २ एचपी आणि २४ किंवा ५० लिटर. दुकानदार सगळ्यात आधी हाच पुढे करतो. स्वस्त आहे, हवाही बरी देतो. पण मोटर अठ्ठावीसशे फेऱ्यांनी फिरते आणि आवाज कान किटवतो. पहाटे पॅडॉकमध्ये लावला तर दहा टीम जाग्या होतात. शिवाय उभाच न्यावा लागतो, आडवा पडला की तेल सिलिंडरमध्ये जातं. माती-धुळीत काम करणाऱ्यांना आणि ५ केव्हीएचा जनरेटर असलेल्यांना ५० लिटरचा हा प्रकार चालेल. त्यात कॉम्प्रेसरचंच तेल घाला, बहुतेकांना व्हीजी १०० लागतं. गाडीचं इंजिन ऑइल नको.

चौथा बेल्टवाला, पंक्चरच्या दुकानात असतो तो. वर्षानुवर्षं टिकतो, पण वजन आणि आकार ट्रेलरच्या कामाचा नाही. तो गॅरेजमध्ये ठेवा.

पहिल्या वर्षाच्या, डांबरी ट्रॅकवर धावणाऱ्या टीमसाठी माझं मत स्पष्ट आहे: १ एचपीच्या आसपासचा ऑइल-फ्री, २४ लिटर टाकी, सोबत बॅटरीची इम्पॅक्ट गन.

पायरी ४: दुकानात घड्याळ काढा

खोक्यावरचा सीएफएम हा बहुतेक वेळा पिस्टनने ढवळलेल्या जागेचा आकडा असतो, बाहेर मिळालेल्या हवेचा नाही. लहान कॉम्प्रेसरमध्ये प्रत्यक्ष हवा त्याच्या साठ-सत्तर टक्केच मिळते, कधी त्याहूनही कमी. हे तपासायला कसलंही यंत्र लागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि मोटर आपोआप बंद होईपर्यंत वेळ मोजा. २४ लिटरची टाकी ८ बारला भरली म्हणजे १९२ लिटर हवा आत गेली. दोन मिनिटं लागली तर मिनिटाला ९६ लिटर. आता गेजवर नजर ठेवून फक्त ६ ते ८ बारचा वेळ मोजा. इथे ४८ लिटर जातात. त्याला ३५ सेकंद लागली तर ८२ लिटर प्रतिमिनिट. हा दुसरा आकडा खरा धरा, कारण वापरताना टाकी याच पट्ट्यात असते.

मोटर बंद होताना कान द्या. दाबाचा स्विच पडताच ‘फुस्स’ असा छोटा आवाज आला पाहिजे. सिलिंडरच्या डोक्यावर अडकलेली हवा तेव्हा सुटते, म्हणून पुढच्या वेळी मोटर बिनदाबाची सुरू होते. तो आवाज नसेल तर प्रत्येक वेळी मोटर भरलेल्या दाबाविरुद्ध उचलणार, आणि तुमच्या जनरेटरवर ते जमणार नाही. मग हवा थोडी सोडून मोटर पुन्हा आपोआप सुरू होते का तेही बघा.

मोटरची गुंडाळी तांब्याची आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघा, हवा जोरात सुटून कडी सोडताच बंद झाली पाहिजे. टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक हाताने सहज फिरतो का? काही ठिकाणी तो इतका अडचणीत असतो की पान्हा लागतो, आणि ज्याला पान्हा लागतो तो कोणी उघडत नाही.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे विचारताना आपल्या गावाइतकाच ट्रॅकच्या गावाचा विचार करा. इथे कोइमतूरला जाणाऱ्यांची सोय आहे. पंप, मोटर आणि कॉम्प्रेसर यांचं ते गावच आहे, १९६० पासूनची एल्गी ही कॉम्प्रेसरची कंपनी तिथलीच. प्रचलित मॉडेल असेल तर स्विच किंवा व्हॉल्व्ह प्लेट शनिवारी दुपारीही मिळण्याची आशा असते.

पायरी ५: नळी, कपलर आणि गेज

कॉम्प्रेसरवर पैसे संपवून गेजवर वाचवणं हे मला पटत नाही. टायरच्या दाबातला अर्ध्या पीएसआयचा फरक कळणारे चालक पुष्कळ असतात, आणि हवा भरायच्या गनवरचं गेज दोन-दोन पीएसआय चुकतं. हवा भरायला गन, मोजायला वेगळं चांगलं गेज. ० ते ६० पीएसआयचं, हवा सोडायचं बटण असलेलं, आणि टीममध्ये सगळ्यांनी तेच एक वापरायचं. त्याला फोम घातलेला डबा करा.

नळी १० ते १५ मीटर, ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची. गुंडाळी होणारी पीयू नळी जागा कमी घेते, पण उन्हात तापलेल्या डांबरावर रबरी नळी जास्त टिकते. क्विक कपलर (नळी झटकन जोडायचे तुकडे) सगळे एकाच जातीचे घ्या. आपल्याकडे निट्टो पद्धतीचे सर्वत्र मिळतात, आटे बहुधा पाव इंची बीएसपी (पाइपच्या आट्यांचं एक प्रमाण) असतात. दोन कपलर, टेफ्लॉन टेप आणि चार क्लॅम्प जादा ठेवा.

टाकीच्या तोंडाशी पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र मिळतो, तो लावा. चेन्नईच्या दमट हवेत त्याची किंमत कळते. संध्याकाळी ड्रेन कॉक उघडला की आधी गंजाच्या रंगाचं पाणी पिचकारीसारखं येतं, मग फेस, मग कोरडी हवा. हेच पाणी टायरमध्ये गेलं तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब कोरड्या हवेपेक्षा जास्त आणि बेभरवशाचा चढतो.

पायरी ६: ट्रेलरमध्ये बसवणं

एका चाकजोडीचा ट्रेलर असेल तर कॉम्प्रेसर अॅक्सलच्या पुढे, खाली जमिनीलगत. जड वस्तू अॅक्सलच्या मागे गेली की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. खाली जाड रबराचे पॅड, वरून दोन रॅचेट पट्टे, आणि पट्टा टाकीवरून किंवा पायांवरून घ्या. प्लॅस्टिकच्या झाकणावरून किंवा हँडलवरून नाही.

प्रवासात टाकी रिकामी आणि ड्रेन उघडा. बंद पेटीत उन्हात तापणारी, दाबाने भरलेली टाकी बाराशे किलोमीटर खड्ड्यांतून नेण्याचं काहीच कारण नाही.

पेट्रोलचा मुद्दा मात्र जिवाचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती ट्रेलरच्या तळाशी साचते. दाबाचा स्विच दर वेळी पडताना आत ठिणगी पडते. कॅन आणि कॉम्प्रेसर एकाच बंद जागेत असताना तो चालू करायचा नाही. बाहेर काढा, सावलीत ठेवा, मग लावा. असंही दुपारी बंद डब्यात पन्नास अंशाची हवा ओढून मोटर लवकर तापतेच.

पायरी ७: ट्रॅकवरचा क्रम

पोचल्यावर ड्रेन बंद करा, टाकी भरा, बटण बंद करा आणि दहा मिनिटं गेजकडे बघा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. बहुतेक वेळा ती कपलरलाच असते.

सकाळी ऊन टायरवर पडायच्या आत थंड दाब भरून लिहून ठेवा. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असेल तर आकडे फसवतात. सत्र सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी टाकी भरलेली असू द्या आणि मग मोटर बंद. ऐनवेळी वीज गेली तरी टाकीतली हवा दाब जुळवायला पुरते.

रेडिएटर साफ करताना रेग्युलेटर २-३ बारवर आणा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा मारा, नाहीतर जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि कचरा आणखी आत बसतो. डोळ्यावर चष्मा हवा. अंगावरची धूळ झटकायला ही हवा कोणी वापरत असेल तर तिथेच थांबवा.

संध्याकाळी टाकी रिकामी करून ड्रेन रात्रभर उघडा ठेवा. हवा आत घेणारा छोटा फिल्टर काढून झटका, मातीच्या स्पर्धेत रोज, एरवी दर स्पर्धेला. तेलाचा असेल तर काचेतली पातळी बघा. घरी परतल्यावर एक जादा फिल्टर, एक दाबाचा स्विच आणि एक कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग) विकत घेऊन त्याच पेटीत टाका. मोटर नुसती घुंघुं करते आणि वायर जाड आहे, व्होल्टेजही बरोबर आहे, तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता जास्त. प्लग काढून जुन्याचा चार्ज उतरवला की नवा बसवायला दोन स्क्रू आणि पाच मिनिटं लागतात.